अंतिम पाठ कोणाचा? : ‘स्टार वॉर्स’च्या बदललेल्या आवृत्त्या आणि चाहत्यांची पाठचिकित्सा

१

मार्च १९८८मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना चित्रपटकर्ते जॉर्ज लुकस यांनी कलाकृतीच्या अखंडत्वाविषयी जी भूमिका मांडली, तिच्यात दोन युक्तिवाद एकमेकांत गुंफलेले होते. पहिला युक्तिवाद कलावंताच्या नैतिक हक्काचा होता. एखाद्याने कलाकृतीचे स्वामित्व विकत घेतले, एवढ्याने कर्त्याच्या संमतीवाचून तिचे रूप पालटण्याचा अधिकार त्याला मिळत नाही, असे लुकस यांचे म्हणणे होते. दुसरा युक्तिवाद समाजाच्या वारशाचा होता. कलाकृती अखेर जनतेची असते, तिच्यावर येणाऱ्या पिढ्यांचा हक्क असतो आणि नफ्यासाठी तिच्यात ढवळाढवळ करणे हा रानटीपणा होय. उद्याचे तंत्रज्ञान जुन्या चित्रपटांतील नटांच्या जागी ताजे चेहरे बसवील, त्यांचे संवाद बदलील, असा इशाराही त्यांनी दिला होता. हे दोन युक्तिवाद परस्परांपासून वेगळे आहेत, असे त्या वेळी कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. दोहोंचा प्रतिपक्ष एकच होता : जुने चित्रसंग्रह घाऊक भावाने खरेदी करणारे भांडवल.

नऊ वर्षांनंतर या दोन युक्तिवादांची फारकत झाली. १९९७मध्ये लुकस यांनी स्वतःच ‘स्टार वॉर्स’ (१९७७) आणि तिचे पुढील दोन भाग यांच्या फेरबदल केलेल्या ‘विशेष आवृत्त्या’ प्रसिद्ध केल्या आणि त्यानंतर जुन्या आवृत्त्यांना चलनातून जवळजवळ काढूनच टाकले. येथे कलावंताच्या हक्काचा भंग झालेला नव्हता; फेरबदल करणारा हात कर्त्याचाच होता. तरीही एका मोठ्या रसिकवर्गाला आपले काही हिरावून घेतले गेले आहे असे वाटले. हे वाटणे केवळ स्मरणरंजनातून आलेले होते, की त्यामागे कलाकृतीच्या अस्तित्वाविषयीची काही टिकाऊ जाणीव होती, हा प्रश्न साहित्यसमीक्षेलाही टाळता येण्याजोगा नाही. कारण ‘पाठ’ कोणता, तो निश्चित करण्याचा अधिकार कोणाचा आणि पूर्वीच्या पाठाचे काय करावयाचे, हे प्रश्न मुळात ग्रंथांच्या अभ्यासातून आलेले आहेत.

२

या वादाची पूर्वपीठिका कृष्णधवल चित्रपटांत संगणकाच्या साहाय्याने रंग भरण्याच्या उद्योगात आहे. १९८६मध्ये टेड टर्नर यांनी एमजीएम या संस्थेचा चित्रसंग्रह मिळवला आणि त्यातील अनेक चित्रपट रंगीत करून दूरचित्रवाणीवर व चित्रफितींवर आणण्याचे धोरण स्वीकारले. जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ (१९५०) या चित्रपटाची रंगीत आवृत्ती फ्रान्समध्ये दाखवली जाणार होती. तिच्या विरोधात ह्यूस्टन यांच्या वारसांनी तेथील न्यायालयात दाद मागितली. १९९१मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला. अमेरिकी कायद्याने स्वामित्व निर्मितीसंस्थेला दिले असले, तरी कृतीच्या अखंडत्वाचा कर्त्याचा हक्क फ्रान्सच्या भूमीवर अबाधित राहतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. अमेरिकेत याच वादातून १९८८चा राष्ट्रीय चित्रपट-जतन कायदा संमत झाला. दरवर्षी पंचवीसपर्यंत चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवहीसाठी निवड करावी आणि अशा चित्रपटांत लक्षणीय फेरबदल केल्यास प्रेक्षकाला तसे कळवणारी पाटी लावावी, अशी त्याची तरतूद होती. १९८९मध्ये निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘स्टार वॉर्स’चा समावेश होता.

या कायद्यातील पाटीची कल्पना महत्त्वाची आहे. फेरबदलास तिने मनाई केली नाही. फेरबदल हा फेरबदल म्हणून ओळखता यावा, एवढाच तिचा आग्रह होता. पुढील चर्चेत हा भेद पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

३

चित्रपट ही वस्तुतः पुन्हा वाचता येण्याजोगी संहिता नव्हती. चित्रपटगृहातून तो गेला की प्रेक्षकाजवळ त्याची स्मृती तेवढी उरे. पुनःप्रदर्शनात काही दृश्ये कापली गेली वा जोडली गेली, तर ते सिद्ध करण्याचे कोणतेही साधन सामान्य प्रेक्षकाच्या हाती नसे. ‘स्टार वॉर्स’चेच उदाहरण घेतले, तर आरंभीच्या सरकत्या मजकुरावरचे ‘भाग चौथा’ आणि ‘अ न्यू होप’ हे शब्द १९७७मध्ये नव्हते. ते १९८१च्या पुनःप्रदर्शनापासून आले. ही भर जवळजवळ कोणाच्याही तक्रारीवाचून पचली.

चित्रफितीने ही स्थिती पालटली. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून घरगुती व्हिडिओ-यंत्रे बाजारात आली. जानेवारी १९८४मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी ध्वनिचित्रमुद्रित करणे न्याय्य वापरात बसते, असा निर्णय दिला. चित्रपट प्रथमच कपाटात ठेवण्याची, मागे-पुढे फिरवण्याची, थांबवून निरखण्याची वस्तू झाला. हस्तलिखिताकडून मुद्रित ग्रंथाकडे जाताना वाचनाच्या स्वरूपात जे स्थित्यंतर झाले, त्याच्याशी याचे साम्य आहे. फरक एवढाच की येथे ते एका पिढीच्या आत घडले.

मात्र चित्रफितीने दिलेली संहिता आरंभापासूनच खंडित होती. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेली चौकट दूरचित्रवाणीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यावर बसवण्यासाठी तिच्या दोन्ही बाजू छाटल्या जात आणि उरलेली चौकट यंत्राने डावी-उजवीकडे सरकवली जाई. म्हणजे दिग्दर्शकाने कधीही न केलेली कॅमेऱ्याची हालचाल चित्रात शिरे. १९८०च्या दशकात लेझरडिस्कवर वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चौकट देणाऱ्या आवृत्त्या येऊ लागल्या, तेव्हा रसिकांना छाटणीचे प्रमाण तुलनेने कळले. चाहत्यांच्या पाठजाणिवेचा उगम येथे आहे. दोन प्रती शेजारी ठेवून त्यांतील भेद नोंदवणे ही पाठचिकित्सेची प्राथमिक क्रिया त्यांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवली नाही. ती त्यांच्या घरातल्या यंत्राने शिकवली. आणि हेच यंत्र कर्त्याच्याही हाती होते. ज्या माध्यमाने वाचकाला पाठ पडताळण्याची शक्ती दिली, त्याच माध्यमाने कर्त्याला प्रत्येक नव्या आवृत्तीनिशी पाठ बदलण्याची मुभा दिली.

४

‘स्टार वॉर्स’च्या पाठांचा इतिहास थोडक्यात असा आहे. १९९३मध्ये तिन्ही चित्रपटांचा एक विस्तृत लेझरडिस्क-संच निघाला. १९९५मध्ये चित्रफिती पुन्हा बाजारात आल्या, तेव्हा मूळ आवृत्ती विकत घेण्याची ही शेवटची संधी आहे, अशी त्यांची जाहिरात झाली. चाहत्यांनी ती जाहिरातबाजी मानली. ती अक्षरशः खरी ठरेल असे फारच थोड्यांना वाटले असेल. १९९७च्या जानेवारी ते मार्च या काळात विशेष आवृत्त्या चित्रपटगृहांत आल्या. त्यांत जीर्ण झालेल्या फितींचे शुद्धीकरण होते, जुन्या प्रतिकृतींच्या जागी संगणकनिर्मित याने होती, १९७७मध्ये वगळलेले जब्बा द हटचे दृश्य संगणकीय आकृतीसह पुन्हा घातलेले होते आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधील (१९८३) गाणे व शेवटचे संगीत बदललेले होते. २००४च्या डीव्हीडी-आवृत्तीत फेरबदल आणखी पुढे गेले. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या अखेरीस दिसणाऱ्या अनाकिनच्या छायारूपात सेबॅस्टियन शॉ यांच्या जागी तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन आले, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधील (१९८०) सम्राटाचा चेहरा व आवाज या दोहोंच्या जागी इयन मॅक्डिअर्मिड यांचे चित्रण घालण्यात आले. २०११च्या ब्लू-रे आवृत्तीत डार्थ व्हेडरच्या निर्णायक मौनाच्या क्षणी एक नकारार्थी आक्रोश जोडला गेला. २००६मध्ये जुन्या आवृत्त्या मर्यादित काळापुरत्या मिळाल्या खऱ्या, पण पुरवणी म्हणून, आणि १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या चित्रमुद्रणावरून. मुख्य पाठाला नवे, स्वच्छ मुद्रण आणि पूर्वपाठाला तेरा वर्षांपूर्वीची उसनी प्रत, हा भेद चाहत्यांच्या नजरेतून सुटला नाही.

१९८८च्या साक्षीत लुकस यांनी ज्याचा धोका वर्तवला होता, ते नव्या चेहऱ्यांचे आरोपण २००४मध्ये त्यांच्याच चित्रपटात झाले, याकडे चाहत्यांनी वारंवार बोट दाखवले आहे. परंतु केवळ विसंगती दाखवून वाद संपत नाही. लुकस यांची बाजू अशी की १९७७चा चित्रपट त्यांच्या दृष्टीने अपुरा होता. पैसा, वेळ व तंत्र यांच्या मर्यादांमुळे मनातील कृती पडद्यावर पूर्णपणे उतरली नव्हती, आता ती उतरली आहे. म्हणून पुढे एकच आवृत्ती उरेल आणि ती हीच असेल. साहित्यात याला तोड नाही असे नाही. आपल्या कवितांचे उत्तरायुष्यात पुनर्लेखन करणारे कवी आणि जुनी आवृत्ती दडपू पाहणारे कादंबरीकार प्रत्येक भाषेत सापडतात.

५

चाहत्यांच्या वादाचे केंद्र मात्र एका अगदी लहान पाठभेदात आहे. मॉस आयझ्ली येथील मद्यगृहात ग्रीडो हा भाडोत्री शिकारी हान सोलो याच्यावर पिस्तूल रोखून समोर बसलेला असतो. बोलता बोलता हान मेजाखाली आपले पिस्तूल काढतो आणि त्याला ठार करतो. १९७७च्या पाठात गोळी एकच, हानची. १९९७च्या पाठात ग्रीडो अगोदर गोळी झाडतो, हातभर अंतरावरून नेम चुकतो आणि मग हान स्वसंरक्षणार्थ गोळी झाडतो. २००४च्या पाठात दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात. २०१९मध्ये चित्रपट नव्या प्रक्षेपणसेवेवर आला, तेव्हा ग्रीडोच्या तोंडी मरणापूर्वी ‘मक्लंकी’ हा आणखी एक शब्द घातलेला आढळला. एका क्षणाचे चार पाठ आणि त्यांतील एकाही बदलाची नोंद चित्रपटात कोठे नाही.

हा पाठभेद क्षुल्लक आहे, असे वरवर वाटते. पण चाहत्यांनी त्यावर जे भाष्य केले ते उत्तम अर्थनिर्णयनाचा नमुना आहे. हान हा आरंभी केवळ स्वतःच्या कातडीचा विचार करणारा तस्कर आहे, म्हणूनच अंतिम युद्धात पैसे घेऊन निघून गेलेल्या हानचे परत येणे हा नैतिक परिवर्तनाचा क्षण ठरतो. आरंभीची निर्दय थंड हत्या काढून टाकली, की परिवर्तनाचा प्रारंभबिंदूच नाहीसा होतो आणि परत येणे हे अपेक्षितच वाटू लागते. याउलट लुकस यांचे म्हणणे असे की पुढे लेयाचा पती होणारा, मिथकातील नायकाच्या जातकुळीचा पुरुष विनाकारण हत्या करील हे संभवत नाही. येथे दोन वाचने परस्परांसमोर उभी आहेत. चाहते पहिल्या चित्रपटाची संरचना प्रमाण मानतात. लुकस सहा चित्रपटांच्या महाकथेची. कर्ताही येथे एक वाचकच झालेला आहे. तो आपल्या जुन्या कृतीचे नंतरच्या कृतींच्या प्रकाशात वाचन करतो आणि ते वाचन पाठातच लिहून ठेवतो. समीक्षक आपले अर्थनिर्णयन समासात लिहितो. लुकस यांनी ते ओळीत लिहिले.

६

इंग्रजी पाठचिकित्सेच्या परंपरेत या प्रश्नावर दोन परस्परविरोधी भूमिका आहेत. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५०च्या सुमारास मांडलेल्या व फ्रेडसन बाउअर्स यांनी पुढे नेलेल्या विचाराचे पर्यवसान ‘कर्त्याचा अंतिम हेतू’ या निकषात झाले. संपादकाने मुद्रक व लेखनिक यांचे दोष दूर करून लेखकाला शेवटी जे अभिप्रेत होते ते सिद्ध करावे. हा निकष लावला तर वाद लुकस यांच्या बाजूने सुटतो. १९८३मध्ये जेरोम मगॅन यांनी या निकषाचीच चिकित्सा केली. साहित्यकृती ही एकट्या लेखकाच्या मनातील वस्तू नसून लेखक, संपादक, प्रकाशक, मुद्रक आणि वाचक यांच्या व्यवहारातून घडणारी सामाजिक घटना असते. म्हणून ती ज्या रूपात प्रथम समाजापुढे आली त्या रूपाला स्वतःचा असा ऐतिहासिक अधिकार असतो.

चित्रपटाच्या बाबतीत मगॅन यांचा विचार अधिकच लागू पडतो. ‘स्टार वॉर्स’ला संकलन, दृश्यपरिणाम, ध्वनी, संगीत, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांसाठी ऑस्कर पारितोषिके मिळाली. संकलनाचे पारितोषिक मार्शिया लुकस, रिचर्ड च्यू आणि पॉल हर्श या तिघांचे होते. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’चे दिग्दर्शन अर्विन कर्श्नर यांचे, ‘रिटर्न ऑफ द जेडाय’चे रिचर्ड मार्क्वांड यांचे. मार्क्वांड यांचे १९८७मध्येच निधन झाले. त्यांच्या चित्रपटातील फेरबदलाबाबत त्यांचे मत विचारण्याची सोयच राहिली नव्हती. ज्या दृश्यपरिणामांनी १९७७मध्ये या कलेची दिशा बदलली आणि ज्यांना पारितोषिक मिळाले, त्यांपैकी कित्येक चित्रे प्रचलित पाठात आता दिसतच नाहीत. चित्रकलेच्या इतिहासकाराला एखाद्या शैलीच्या उगमाचे चित्र दाखवताना त्याच चित्रकाराने वीस वर्षांनी त्यावर रंगवलेले चित्र दाखवावे लागावे, तशी ही अवस्था आहे. हानी केवळ रसिकांच्या आठवणींची नाही. प्रतिकृती, रंगवलेले काचपट आणि प्रकाशीय मुद्रण यांनी काम करणाऱ्या कारागिरांच्या एका पिढीच्या पुराव्याची आहे.

तथापि मगॅन यांचा आधार घेणाऱ्या चाहत्यालाही एक अडचण टाळता येत नाही. ‘मूळ पाठ’ नेमका कोणता? १९७७मध्येच फिरणाऱ्या प्रिंटांवर ध्वनीची निरनिराळी मिश्रणे होती : सत्तर मिलिमीटरच्या प्रिंटांवर सहा पट्ट्यांचे, पस्तीस मिलिमीटरच्या काही प्रिंटांवर डॉल्बी स्टिरिओ आणि उरलेल्यांवर मोनो. त्यांत काही संवाद व ध्वनिपरिणाम वेगवेगळे आहेत. म्हणजे प्रकाशनाच्या पहिल्याच वर्षी पाठभेद उपस्थित होते. एकमेव शुद्ध मूळ ही कल्पना येथेही, प्राचीन ग्रंथांप्रमाणेच, संशोधनाच्या शेवटी विरघळून जाते.

७

या अडचणीला चाहत्यांनी दिलेले उत्तर हा या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग होय. अधिकृत प्रत मिळेना, तेव्हा त्यांच्यातील काही गटांनी ती स्वतः सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. एका प्रयत्नात प्रचलित ब्लू-रे हा आधारपाठ धरून त्यातील प्रत्येक फेरबदल जुन्या लेझरडिस्क, दूरचित्रवाणीवरील मुद्रणे व फितींचे तुकडे यांच्या साहाय्याने काढून टाकला गेला. दुसऱ्या प्रयत्नात १९७७च्या वापरलेल्या पस्तीस मिलिमीटर प्रिंटा मिळवून त्यांचे चौकटीगणिक अंकीय चित्रण करण्यात आले. पहिली पद्धत अनेक साक्षीप्रतींतून संमिश्र पाठ घडवणाऱ्या संपादकाची आहे. दुसरी एकाच विश्वसनीय पोथीला प्रमाण मानणाऱ्या संपादकाची. या दोन पद्धतींचा झगडा भाषाशास्त्रज्ञांत दीर्घकाळ चाललेला आहे. आपण त्याच वादात उतरलो आहोत याची जाणीव असो वा नसो, चाहत्यांनी तो पुन्हा खेळला. ओरखडे हा पाठाचा भाग की पोथीचा दोष, प्रिंटेचे रंग काळाने उतरले असतील तर ते किती दुरुस्त करावेत, तिन्ही ध्वनिमिश्रणे पर्यायी म्हणून द्यावीत काय, अशा प्रश्नांवर त्यांनी काथ्याकूट केला. कायद्याच्या दृष्टीने हे सारे काम स्वामित्वभंगाच्या छायेत झाले आणि म्हणून त्याला कोणत्याही ग्रंथालयाचे छप्पर मिळाले नाही.

१९९२मध्ये हेन्री जेन्किन्स यांनी, मिशेल द सर्तो यांची प्रतिमा उचलून, चाहत्यांचे वर्णन परक्या रानात शिरून शिकार साधणारे वाचक असे केले होते. आपल्याला हवे ते अर्थ ते संहितेतून उचलतात आणि नवे काही रचतात. येथे भूमिका उलटली आहे. रानाचा मालकच झाडे तोडून नवी लावतो आहे आणि ज्यांना चोर म्हटले जाते ते जुन्या झाडांची राखण करीत आहेत.

हे सर्व मान्य करूनही चाहत्यांच्या भूमिकेतील दुबळा भाग झाकण्याचे कारण नाही. त्यांचा ‘मूळ’चा आग्रह कित्येकदा स्वतःच्या बालपणाचा आग्रह असतो. १९९७ वा २००४ची आवृत्ती ज्यांनी प्रथम पाहिली, त्यांच्या दृष्टीने तीच पहिली होय. त्यांचा अनुभव खोटा ठरवण्याचा अधिकार आधीच्या पिढीला नाही. शिवाय कर्त्याने आपल्या कृतीला पुन्हा हातच लावू नये, ही मागणी कलेच्या इतिहासात टिकणारी नाही. म्हणून वादाचा खरा बिंदू अन्यत्र शोधला पाहिजे, आणि त्यासाठी इतर उदाहरणे उपयोगी पडतात.

८

रिडली स्कॉट यांचा ‘ब्लेड रनर’ १९८२मध्ये निवेदनासह व सुखान्त शेवटासह प्रदर्शित झाला. १९९०मध्ये त्याची संकलनावस्थेतील जुनी प्रत योगायोगाने दाखवली गेली आणि तिला मिळालेल्या प्रतिसादातून १९९२ची दिग्दर्शकीय आवृत्ती निघाली. २००७मध्ये ‘अंतिम आवृत्ती’ आली, पण तिच्याबरोबरच्या संचात एकूण पाच पाठ एकत्र देण्यात आले. या चित्रपटावरही वाद झाले. नायक डेकर्ड मानव की कृत्रिम मानव, हा प्रश्न पाठापाठांगणिक वेगळे उत्तर देतो. परंतु त्या वादात कडवटपणा नाही. कोणता पाठ श्रेष्ठ, याची चर्चा सर्व पाठ समोर ठेवून करता येते.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘ई. टी.’च्या (१९८२) २००२मधील आवृत्तीत पोलिसांच्या हातांतील बंदुका काढून त्या जागी वॉकी-टॉकी घातले. त्याच वर्षीच्या डीव्हीडीत दोन्ही पाठ होते. पुढे त्यांनी या बदलाबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला आणि २०१२च्या ब्लू-रेवर केवळ १९८२चा पाठ दिला. वाँग कार-वाय यांनी २०२०च्या सुमारास आपल्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या काढताना ‘फॉलन एंजल्स’ची (१९९५) चौकटच बदलली, पण हे जुन्याचे पुनःस्थापन नसून नवे काम आहे, असे त्यांनी प्रेक्षकाला आधीच सांगितले. विल्यम फ्रीडकिन यांनी २००९मध्ये ‘द फ्रेंच कनेक्शन’चे (१९७१) रंग बदलले, तेव्हा त्याचे छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर निषेध केला आणि २०१२मध्ये त्यांच्या सहकार्याने रंग पुन्हा दुरुस्त झाले. कर्तृत्व एकाचे नसते, हे येथे एका कर्त्यानेच दुसऱ्याला सुनावले.

या उदाहरणांतून एक भेद स्पष्ट होतो. फेरबदल आणि विलोप या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली कलाव्यवहाराची आहे, दुसरी सत्तेची. चाहत्यांचा आक्षेप ज्या ठिकाणी सर्वाधिक सबळ आहे, तेथे तो नव्या पाठाच्या अस्तित्वावर नाही. जुन्या पाठाच्या अनुपस्थितीवर आहे.

९

मराठी अभ्यासकाला हा भेद नवा वाटू नये. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. प्रक्षेपाविरुद्धची ती मराठीतील सर्वांत प्रसिद्ध ताकीद होय. पण त्या शुद्धीकरणानंतर एकनाथपूर्व पाठ मागे पडला आणि १९०९मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा पाठाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. शुद्धीकरण कितीही श्रद्धेने केलेले असो, पूर्वपाठाची भूक त्याने संपत नाही. याच्या उलट नमुना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचा. १९१९मध्ये आरंभलेल्या व १९६६मध्ये पूर्ण झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीने हजारो श्लोक मूळ संहितेबाहेर काढले, पण फेकले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत राहिले. संपादकाचा निर्णय चुकला असेल, तर तो दुरुस्त करण्याची सामग्री त्याच पानावर आहे.

भारतीय चित्रपटात मात्र तळटीपेची ही संस्कृती रुजलेली नाही. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ला (१९६०) २००४मध्ये पूर्ण रंगीत करण्यात आले, तेव्हा दिग्दर्शकाला संपूर्ण चित्रपट रंगीतच हवा होता, असा दाखला दिला गेला, ती साक्ष देण्यास ते हयात नव्हते. ‘शोले’ची (१९७५) कथा उलटी आहे. ठाकूर गब्बरला ठार करतो, हा शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावा लागला. मूळ शेवट पुढे चित्रफितींवर रसिकांनी पाहिला आणि जून २०२५मध्ये बोलोन्या येथील महोत्सवात पुनःस्थापित प्रतीसह तो दाखवला गेला. म्हणजे घरगुती चित्रफीत ही पाठ बिघडवणारीच असते असे नाही. सत्तेने दडपलेला पाठ तिनेच जतन केला. याउलट ऑगस्ट २०२५मध्ये ‘रांझणा’ची (२०१३) तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित करताना स्वामित्वधारक संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट पालटून मृत नायकास जिवंत ठेवले. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७व्या कलमाने कर्त्याला अखंडत्वाचा विशेष हक्क दिला आहे आणि मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६मध्ये त्याचे मोल ओळखलेही. परंतु तोच कायदा चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणून निर्मात्याला गणतो. लुकस यांनी १९८८मध्ये ज्या संकटाविरुद्ध साक्ष दिली, ते येथे कायद्याच्या व्याख्येतच बसून आहे.

पूर्वपाठ हातचा गेला तर काय होते, हे सांगण्यास दूर जाण्याची गरज नाही. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) म्हणून जी रिळे दाखवली जातात, ती १९१७च्या पुनर्निर्मितीची असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभाविषयी बोलताना कोणता पाठ समोर आहे, याचीच शंका घ्यावी लागते.

१०

प्रक्षेपणसेवांच्या काळात ही शंका अधिक गडद झाली आहे. चित्रफीत वा तबकडी एकदा घरात आली की तिच्यातील पाठ स्थिर राही. म्हणूनच २००४च्या प्रतीशी १९९५ची प्रत ताडून पाहता आली. प्रक्षेपित चित्रपट प्रेक्षकाच्या घरी नसतो. २०२३मध्ये ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या प्रक्षेपित प्रतीतून वंशद्वेषी शब्द असलेला एक प्रसंग कोणत्याही सूचनेवाचून गाळलेला आढळला. तो ध्यानात आला, कारण जुन्या तबकड्या लोकांच्या कपाटांत होत्या. उद्या तुलनेसाठी दुसरी प्रतच नसेल, तर पाठभेद हा शब्दच निरर्थक होईल; भेद असेल, पण तो दिसणार नाही.

जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘स्टार वॉर्स’ची १९७७ची जुनी प्रिंट एका महोत्सवात दाखवली. पडद्यावर हानने एकच गोळी झाडली. जे प्रेक्षक त्या दिवशी तेथे होते, त्यांना हा प्रसंग कसा असावा याबद्दल स्वतंत्र मत असू शकते. लुकस यांचे नंतरचे वाचन अधिक पटणारेही त्यांत असतील. पण असे मत बनवण्यासाठी दोन्ही पाठ पाहता आले पाहिजेत. लुकस यांच्या १९८८च्या साक्षीतील कलावंताचा हक्क आणि समाजाचा वारसा हे दोन युक्तिवाद परस्परांविरुद्ध उभे राहिले ते १९९७च्या फेरबदलाने नव्हे, पूर्वपाठ काढून घेण्याने. कर्त्याला नवा पाठ लिहू द्यावा आणि जुना पाठ तळटीपेत राहू द्यावा, एवढ्याने दोन्ही युक्तिवाद पुन्हा एकत्र नांदू शकतात. चाहत्यांनी दीर्घकाळ मागितली ती हीच तळटीप होती.